आधी यादी, मग शाळा, वर्गणी नंतर: शाळेच्या बॅचसाठी कामाचा क्रम

बहुतेक बॅचचं असंच होतं. कुणीतरी ग्रुप काढतं. आठवडाभर जुने फोटो आणि टोपणनावं यांचा पूर येतो. तिसऱ्या आठवड्यात कुणाला तरी सुचतं, 'शाळेसाठी काहीतरी करू या.' लगेच वर्गणीचा आकडा पडतो, मग वस्तू ठरते, वस्तू विकत घेतली जाते आणि सगळ्यात शेवटी शाळेला कळवलं जातं. वर्षभराने वस्तू धूळ खात असते, हिशेब एकाच्या डोक्यात असतो आणि ग्रुपवर फक्त वाढदिवस उरलेले असतात.

चूक माणसांत नसते, क्रमात असते. खाली दिलेला क्रम पाळायला चार ते सहा महिने लागतात. पंचविसावं वर्ष जवळ आलंय म्हणून तो दीड महिन्यात उरकू नका. मेळावा दीड महिन्यात होईल, देणगीचं काम होणार नाही.

१. यादी: ग्रुपच्या आधी

पहिलं काम कागदावरचं. बॅचमध्ये कोण कोण होतं याची पूर्ण यादी करा, आणि ती आठवणीतून करू नका. आठवणीत हुशार, वात्रट आणि मैदान गाजवणारी मुलं राहतात, शेवटच्या बाकावरची गप्प मुलगी राहत नाही. शाळेकडे विनंती अर्ज देऊन शेवटच्या वर्षाच्या हजेरीपटावरची नावं मिळतात का पाहा. पत्ते, जन्मतारखा मागू नका. त्या शाळेने देऊ नयेत आणि आपल्याला लागतही नाहीत. नावं मिळाली नाहीत तर वर्गाचा फोटो घ्या आणि एकेका रांगेतली नावं तीन-चार जणांकडून भरून घ्या.

प्रत्येक तुकडीचा एक माणूस यादीच्या कामात हवाच. एकाच तुकडीने सुरू केलेली 'बॅच' शेवटपर्यंत त्याच तुकडीची राहते.

मधेच शाळा सोडून गेलेले, एक वर्ष मागे राहिलेले, शेवटची परीक्षा पास न झालेले यांना घ्यायचं की नाही, हा प्रश्न येणारच. तो आधीच सोडवा. माझं मत स्पष्ट आहे: ज्याने आपल्यासोबत एक वर्ष काढलं, तो आपला. हे लिहून ठेवलं नाही तर पुढे कुणीतरी एखाद्याला तोंडावर विचारतं, 'तू आमच्या बॅचचा कसा रे?' आणि तो माणूस परत येत नाही.

यादी स्प्रेडशीटमध्ये ठेवा. रकाने मोजकेच: शाळेतलं नाव, आताचं नाव, तुकडी, संपर्क कुणामार्फत झाला आणि स्थिती. स्थितीत पाचच शब्द: सापडले नाही, निरोप दिला, होकार, नकार, निधन. शाळेतलं आणि आताचं नाव वेगळं लिहायचं कारण उघड आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुली नुसत्या शोधून सापडत नाहीत, आणि मग ग्रुपमध्ये मुलगे सत्तर, मुली अकरा असं चित्र दिसतं. त्यांचा माग मैत्रिणींमार्फतच लागतो. म्हणून शोधाच्या कामात किमान दोघी-तिघी पहिल्या दिवसापासून असू द्या.

*सावधान:* कुणाच्या निधनाची बातमी एकाच्या सांगण्यावरून ग्रुपवर टाकू नका. दोन वेगवेगळ्या माणसांकडून, शक्य तर घरच्यांकडून खात्री करा. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिल्याचे किस्से ऐकताना हसू येतं, पण ज्याच्यावर वेळ येते त्याला नाही.

*पुढे जाण्याआधी तपासा:* प्रत्येक तुकडीतल्या निम्म्याहून अधिक नावांपुढे 'सापडले नाही' सोडून दुसरं काही लिहिलेलं आहे का? नसेल तर अजून महिनाभर शोधा.

२. ग्रुप: एक नव्हे, दोन

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, त्यामुळे जागेची अडचण नाही. अडचण गोंगाटाची. रोज शंभर निरोप येणाऱ्या ग्रुपमधून माणसं सहसा बाहेर पडत नाहीत, ती आवाज बंद करतात. ते लक्षात येत नाही, म्हणून जास्त वाईट.

दोन ग्रुप करा. एक सूचनांचा, ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील अशी सेटिंग असेल. महिन्याला दोन-तीन निरोप, बस्स. दुसरा गप्पांचा. तिथे काय चालायचं ते चालू दे, पण राजकारण, धर्म आणि विक्रीची जाहिरात नको हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. भांडण झाल्यावर केलेला नियम कुणावर तरी नेम धरून केल्यासारखा वाटतो.

कुणालाही न विचारता ग्रुपमध्ये ओढू नका. ग्रुपमध्ये आल्याबरोबर त्याचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि प्रत्येकाला ते हवं असतंच असं नाही. ज्याच्याशी ओळख आहे त्याने आधी फोन करावा आणि होकार आला की आमंत्रणाची लिंक पाठवावी. ती लिंक फेसबुकवर उघडी टाकू नका. अनोळखी माणूस 'मी बी तुकडीचा' म्हणत आत येतो आणि दोन महिन्यांनी पैसे मागतो, हे घडतं.

अ‍ॅडमिन तीन ठेवा. यादी, हिशेब, ठराव यांतलं काहीही फक्त ग्रुपच्या भरवशावर सोडू नका. फोन हरवतो, आणि जुनी चर्चा नव्याने आलेल्याला सहसा दिसत नाही. ती कागदपत्रं एका सामायिक फोल्डरमध्ये हवीत आणि त्या फोल्डरचा ताबा दोघांकडे हवा.

जे व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीत त्यांच्यासाठी एक 'फोनवाला' नेमा. अशी माणसं पाच-सातच असतात, पण त्यांना निरोप देणारं कुणी नसलं तर ती कायमची सुटतात. परदेशात असलेल्यांना ऑनलाइन बैठकीची वेळ कळवताना शहराचं नाव लिहा. नुसतं 'रात्री ८' म्हटलं की कुणाच्या ८ ला, हे विचारणारे दहा निरोप येतात. आणि कित्येक देशांत वर्षातून दोनदा घड्याळं तासाभराने सरकतात, तेव्हा गेल्या वेळचं गणित या वेळी लागू पडेलच असं नाही.

३. पाच जण, दोन वर्षं

जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रयोगातून दाखवलं होतं की मदतीची गरज असताना आजूबाजूला जितकी जास्त माणसं आहेत असं वाटतं, तितकी एकेकट्याने पुढे होण्याची शक्यता कमी होते. 'कुणीतरी शाळेत जाऊन या' हा निरोप ऐंशी जणांना गेला की नेमकं हेच होतं. ऐंशी अंगठे वर येतात आणि शाळेत कुणीच जात नाही.

म्हणून पाच जण नेमा आणि प्रत्येकाला एकच काम द्या: यादी, निरोप, शाळेशी संपर्क, पैसे, आणि पाचवा या चौघांच्या मागे लागणारा. पाचवा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. तो लोकप्रिय असण्यापेक्षा चिवट असावा.

मुदत दोन वर्षं. सुरुवातीलाच सांगा की दोन वर्षांनी ही पाच नावं बदलतील. मुदत नसली की चांगला माणूस थकेपर्यंत ओढतो आणि मग रागावून सोडतो.

*सावधान:* पैसे सांभाळणारा आणि खर्च मंजूर करणारा एकच माणूस नको. इथे कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. उलट प्रामाणिक माणसावर उद्या कुणी बोट दाखवू नये यासाठीच ही खबरदारी.

४. शाळेत जा, पण रिकाम्या हातांनी

जवळपास सगळ्या चुका इथेच होतात, म्हणून इथे जास्त वेळ द्या.

आमच्या बॅचने पहिल्या वर्षी शाळेला संगणक दिले. फोटो छान आले. सहा महिन्यांनी गेलो तेव्हा दोन चालू होते, बाकीचे झाकून ठेवले होते. खोलीत विजेचे पॉइंटच दोन होते. शाळेने आम्हाला सांगितलं नाही, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. दारात उभ्या असलेल्या देणगीला 'नको' कोण म्हणणार?

म्हणून पहिल्या भेटीत देण्याची भाषाच करू नका. दोघांनीच जा. दहा जण गेले की सोहळा होतो आणि मुख्याध्यापक भाषण करतात. आधी वेळ घ्या, परीक्षांचे दिवस टाळा, आणि 'आम्ही काय देऊ?' असं विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून सगळ्यात महाग वस्तू येते. त्याऐवजी हे विचारा:

- गेल्या वर्षभरात काय बंद पडलं आणि अजून दुरुस्त झालेलं नाही?
- आधीच्या बॅचेसनी काय दिलं, आणि त्यातलं आज काय वापरात आहे?
- मुलं कुठल्या महिन्यात आणि कशामुळे शाळा सोडतात किंवा गैरहजर राहतात?
- असा कुठला खर्च आहे जो शाळेला मिळणाऱ्या पैशांत बसतच नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खोलीत बसून ऐकू नका, ती वस्तू दाखवायला सांगा. अडगळीच्या खोलीची दहा मिनिटांची चक्कर तासाभराच्या बैठकीपेक्षा जास्त शिकवते.

मुख्याध्यापकांशिवाय आणखी तिघांशी बोला: ग्रंथालय किंवा प्रयोगशाळा सांभाळणारी व्यक्ती, कार्यालयातले लिपिक आणि शिपाई. किल्ली कुणाकडे असते, पाणी कधी जातं, कुठलं कुलूप गंजलंय हे शिपायालाच माहीत असतं. आणि मुलींना शाळेत कशाची अडचण होते हे बॅचच्या मुलींनी शिक्षिकांना विचारावं. ते उत्तर पुरुषांना सहसा मिळत नाही.

भेटीनंतर शाळेला विनंती करा की तीन गरजा प्राधान्याने लिहून, सही-शिक्क्यासह द्याव्यात. तोंडी गरज मुख्याध्यापक बदलले की बदलते.

*पुढे जाण्याआधी तपासा:* हातात शाळेचं लेखी पत्र आहे का? नसेल तर ग्रुपवर आकड्यांचा विषय काढू नका. कुणी काढला तर त्या दिवशी फोन करून थांबवा.

५. निवड: वस्तू, शिक्षण की वेळ

वस्तू देणार असाल तर किमतीच्या आधी तिचं आयुष्य विचारा. पाण्याच्या फिल्टरचं काडतूस ठरावीक काळाने बदलावंच लागतं. न बदललेला फिल्टर पाणी शुद्ध करत नाही, फक्त शुद्ध झाल्याचा भास देतो. दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा काही हजार तासांत जातो. इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. पुस्तकांना कपाट लागतं, आणि कपाटापेक्षाही जास्त, ती वाटण्यासाठी वेळापत्रकात एक तास लागतो.

जुने संगणक देण्याचा मोह प्रत्येक बॅचला होतो, कारण कुणाच्या तरी कंपनीत ते बदललेले असतात. थांबा आणि दोन गोष्टी पाहा. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, जी बऱ्याच जुन्या यंत्रांत नसते. अशा यंत्रावर लिनक्स ही विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली चालेल, पण ते शिकवणारं शाळेत कुणी आहे का? आणि हार्डडिस्क नीट पुसल्याशिवाय एकही यंत्र हलवू नका. नुसत्या फाइली डिलीट केल्याने माहिती जात नाही.

साधा नियम सांगतो: वस्तूच्या किमतीचा पाचवा भाग देखभालीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर एक पायरी स्वस्त वस्तू घ्या.

शिष्यवृत्ती देणार असाल तर पहिल्या वर्षाचे पैसे जमले म्हणून सुरू करू नका. मुलाचं शिक्षण चार वर्षांचं असेल तर चारही वर्षांचे पैसे हातात असताना नाव जाहीर करा. दुसऱ्या वर्षी हात वर करणं हे न देण्यापेक्षा वाईट, कारण त्या मुलाने तोवर दुसरी वाट सोडलेली असते.

कायमस्वरूपी ठेव ठेवून व्याजातून द्यायचं असेल तर गणित आधी करा. मूळ रक्कम टिकवायची असेल तर दरवर्षी तिच्या चार ते पाच टक्क्यांपेक्षा जास्त खर्च न करण्याची रीत मोठ्या शैक्षणिक निधींमध्ये आहे. चार टक्के म्हणजे वर्षाला जितकं द्यायचं त्याच्या २५ पट ठेव. व्याज सात टक्के मिळतं म्हणून सातही टक्के वाटून टाकले तर आकडा तोच राहतो, पण त्याचं बळ आटतं. महागाई सहा टक्के धरली तर किमती किती वर्षांत दुप्पट होतात याचा ढोबळ हिशेब ७२ भागिले ६, म्हणजे बाराएक वर्षांत त्या रकमेतून निम्मंच शिक्षण होतं. जुन्या ठेवींच्या व्याजातून आज एखादी वही-पेनच येते, त्याचं कारण हेच. छोट्या बॅचने ठेवीच्या नादी न लागता ठरावीक वर्षांची, संपणारी योजना करावी.

निवड बॅचने करू नये. निकष बॅचने लिहावेत, नावं शाळेने सुचवावीत आणि बॅचबाहेरच्या एका शिक्षकाने पडताळावीत. आणि ज्याला मदत मिळाली त्याला मंचावर उभं करून फोटो काढू नका. आपल्यापैकी कुणाला तेव्हा पुस्तकं फुकट मिळत होती, आणि ती घेताना कसं वाटायचं, ते त्यांनाच विचारा.

वेळ देणार असाल तर तो पैशांपेक्षा अवघड आहे. 'आमच्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, येऊन मार्गदर्शन करतील' असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात एक जण येतो आणि दीड तास स्वतःची कहाणी सांगतो. ४० मिनिटं, त्यातली निम्मी मुलांच्या प्रश्नांसाठी, एवढंच ठरवा. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर त्याच तीन मुलांचे हात वर येतील. आणि यश मिळालेल्यांनाच बोलवायचं असं नाही. गॅरेज चालवणारा, नर्स, दुकान बुडाल्यावर पुन्हा उभा राहिलेला, यांची तासिका मुलं जास्त लक्षात ठेवतात.

*सावधान:* मुलांसोबतचा प्रत्येक कार्यक्रम शिक्षकांच्या उपस्थितीतच करा. मुलांशी एकट्याने भेटी नकोत, नंबरांची देवाणघेवाण नको, पालकांच्या संमतीशिवाय फोटो नकोत. आपला कितीही जवळचा मित्र असला तरी हा नियम त्याच्यासाठी सैल करायचा नाही.

६. वर्गणी

आता पैसे. इथवरचं काम नीट झालं असेल तर हा भाग छोटा आहे.

किती जमतील याचा अंदाज ग्रुपच्या संख्येवरून बांधू नका. समजा बॅच १२० ची, सापडले ९०, ग्रुपमध्ये ७०. योजना २५ जण देतील असं धरून आखा. जास्त आले तर शाळेच्या यादीतली दुसरी गरज आहेच. 'नक्की देतो' आणि 'दिले' हे दोन वेगळे रकाने ठेवा, आणि खरेदी दुसऱ्या रकान्यावर करा.

रक्कम ज्याची त्याने ठरवावी, आणि ती गुप्त ठेवावी. देणाऱ्यांची नावं आकड्यांसह टाकली की दोन गोष्टी होतात: काही जण चढाओढीने देतात, आणि त्याहून जास्त जण गुपचूप बाजूला होतात. नोकरी गेलेला, आजारपणात अडकलेला मित्र ग्रुपमध्ये राहिला पाहिजे, हे त्या चढाओढीतून आलेल्या पैशांपेक्षा महत्त्वाचं. एकूण जमा मात्र दर आठवड्याला सगळ्यांना सांगा. आठवण तीनदाच करायची: सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटच्या दोन दिवसांत. कुणालाही नाव घेऊन विचारायचं नाही.

पैसे कुणाच्याही खासगी खात्यात घेऊ नका. शाळेला थेट खात्यात पैसे घेऊन पावती देता येत असेल तर तो सगळ्यात सरळ मार्ग. पत्रात 'अमुक कामासाठी' असं लिहून द्या, म्हणजे रक्कम दुसरीकडे वळणार नाही. बॅचचं स्वतःचं खातं हवंच असेल तर दोघांच्या सहीचं, आणि त्यासाठी संस्था नोंदवावी लागते का हे आधी हिशेबतपासनीसाला विचारा. करसवलत आणि परदेशातून येणाऱ्या देणग्या यांचे नियम देशागणिक वेगळे असतात, आणि काही ठिकाणी शाळेला परवानगी नसताना परदेशी पैसा घेणं हाच गुन्हा ठरतो. परदेशातल्या मित्राने उत्साहात पैसे पाठवण्याआधी हे विचारायचं असतं, नंतर नाही.

मेळाव्याचे पैसे वेगळे, शाळेचे वेगळे. दोन खाती नसतील तर निदान दोन वह्या. मेळाव्यातून उरलेली रक्कम कुठे जाणार, हे मेळाव्याच्या आमंत्रणातच लिहा.

७. खरेदी आणि सुपूर्द करणं

तीन ठिकाणचे दर घ्या. बॅचमधल्याच कुणाचं दुकान असेल तर त्याचाही दर घ्या, पण निर्णयाच्या वेळी तो बैठकीत नसावा. बिल शाळेच्या नावाने घ्या, नाहीतर हमीच्या काळात दुरुस्तीसाठी शाळेला तुमच्या मागे फिरावं लागेल.

सुपूर्द करताना एक पान लिहा, त्यावर दोन्हीकडच्या सह्या घ्या. काय दिलं, कुठे ठेवलं, किल्ली कुणाच्या पदाकडे (व्यक्तीकडे नव्हे, कारण व्यक्ती बदलते), देखभालीचे पैसे कुठून, बिघडलं तर कुणाला फोन, आणि किती वर्षांनंतर शाळा ते हवं तसं वापरायला किंवा काढून टाकायला मोकळी. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. मग बॅचचं नाव कोरलेली मोडकी घसरगुंडी कुणी हलवत नाही.

कार्यक्रम तासाभराचा ठेवा. मुलांना उन्हात बसवून नऊ भाषणं ऐकवणारी बॅच मुलांच्या लक्षात राहते, पण वेगळ्या कारणाने.

८. पहिलं वर्ष आणि पुढे

सुपूर्द केल्यानंतर लगेच तीन तारखा कॅलेंडरवर टाका.

तिसऱ्या महिन्यात एकाने, न सांगता नाही पण समारंभ न करता, शाळेत जाऊन वस्तू वापरात आहे का पाहावं. जे दिसेल ते ग्रुपवर जसंच्या तसं लिहावं, वाईट असलं तरी.

बाराव्या महिन्यात पूर्ण जमाखर्च बिलांसह फोल्डरमध्ये टाकावा. बॅचमधल्याच, पण त्या पाचांत नसलेल्या एकाने तो तपासून सही करावी.

पाच जणांच्या दोन वर्षांच्या मुदतीतल्या एकविसाव्या महिन्यात नव्या पाच जणांची नावं मागवावीत. नवे आणि जुने तीन महिने बरोबर काम करतील. या काळात शाळेची एक भेट जुन्या माणसाने नव्याला सोबत घेऊन करायची, बँकेतल्या सह्या बदलायच्या, फोल्डर आणि ग्रुप यांचा ताबा द्यायचा. पासवर्ड ग्रुपवर लिहू नका. फोनवर सांगा आणि त्याच दिवशी नव्या माणसाला तो बदलायला लावा.